गुलाबी ठिपका की सुपरनोव्हा? कोल्हापूर परिसरातून सर्पिल दीर्घिका टिपण्याची आणि तपासण्याची रीत

दर उन्हाळ्यात सप्तर्षी उत्तरेला उंच चढले की माझ्या फोनवर फोटो येऊ लागतात. करड्या आकाशात भोवऱ्यासारखी दीर्घिका (ताऱ्यांचा अवाढव्य समूह), तिच्या एका भुजेवर लाल वर्तुळ, वर्तुळात ठिपका आणि खाली प्रश्न: "दादा, हा सुपरनोव्हा आहे का?" सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा स्फोट. पण बहुतेक वेळा तो ठिपका म्हणजे नवे तारे जन्मत असलेला तेजोमेघ असतो. नाहीतर दीर्घिका आणि आपण यांच्यामध्ये आलेला, आपल्याच आकाशगंगेतला एखादा साधा तारा असतो. फोटो काढणाऱ्यांची मेहनत खरी असते, रात्रभराचं जागरणही खरं असतं. चुकतो तो क्रम. दीर्घिकेशी ओळख होण्याआधीच तिच्यातला पाहुणा शोधायला सुरुवात होते.

हा लेख त्या क्रमासाठी आहे. तुमच्याकडे सहा इंची, साधारण ७५० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण, तारे धरून फिरणारा इक्वेटोरियल माउंट आणि एखादा डीएसएलआर किंवा खगोल-कॅमेरा आहे, असं धरून मी लिहितो आहे. यापेक्षा लहान साधन असेल तरी टप्पे तेच राहतात, फक्त वेळ जास्त द्यावा लागतो.

## कामाला लागण्याआधी: आपण नेमकं काय बघणार आहोत

सर्पिल दीर्घिकेच्या भुजेत वायू दाबला जातो. त्यातून थंड रेणुमेघ तयार होतात. त्यांच्या आतलं तापमान उणे २५० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. हे मेघ स्वतःच्याच गुरुत्वाने कोसळतात आणि तारे बनतात. बहुतेक तारे लहान असतात, पण थोडे सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड निघतात. त्यातल्या सर्वांत तापलेल्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश भोवतालच्या हायड्रोजनमधले इलेक्ट्रॉन उडवतो. ते परत जुळताना जो लाल प्रकाश निघतो, त्याची तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर. यालाच हायड्रोजन-अल्फा म्हणतात आणि फोटोतला गुलाबी ठिपका तो हाच.

सूर्याचं आयुष्य सुमारे एक हजार कोटी वर्षांचं. आठपट जड तारा तीन-चार कोटी वर्षांत संपतो, आणि सर्वांत जड तारे तर तीस-चाळीस लाख वर्षांतच. सूर्याला आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक फेरी मारायला वीस कोटींहून जास्त वर्षं लागतात. म्हणजे जड ताऱ्याला जन्मगाव सोडून लांब जायला सवडच मिळत नाही. जड तारा संपताना त्याचा गाभा कोसळून होणारे सुपरनोव्हा म्हणूनच भुजांवर, गुलाबी ठिपक्यांच्या शेजारीपाजारी दिसतात. गोंधळाचं मूळही इथेच आहे. जन्म आणि मृत्यू एकाच वस्तीत आहेत, त्यामुळे एकाला दुसरं समजणं सोपं जातं.

सुपरनोव्हाची दुसरी जात वेगळी आहे. श्वेत बटू तारा (सूर्यासारख्या ताऱ्याचा विझत चाललेला, दाट गाभा) जोडीदाराकडून वस्तुमान घेऊन किंवा दुसऱ्या श्वेत बटूशी एकत्र येऊन फुटतो, त्याला १ए प्रकार म्हणतात. त्याला भुजेची गरज नाही. तो दोन भुजांच्या मधल्या ओसाड भागात, केंद्राजवळ, अगदी लंबवर्तुळाकार दीर्घिकेतही फुटू शकतो. तेव्हा फक्त भुजा चाळू नका.

## टप्पा १: हंगामाप्रमाणे दीर्घिका निवडा

कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश. दीर्घिकेची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर, अंशांत) ठाऊक असली की ती याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) किती उंच येईल हे कागदावर काढता येतं: क्रांती आणि अक्षांश यांतला फरक ९० मधून वजा करा. दक्षिणेकडची क्रांती उणे धरा. ही वजाबाकी न करता परदेशी यादीतल्या दीर्घिका उचलणं ही पहिली चूक. तिकडे डोक्यावर येणारी दीर्घिका आपल्याकडे मध्यावर अडते, आणि तिकडे क्षितिजाला टेकलेली आपल्याकडे चांगली वर येते.

एप्रिल-मेसाठी माझी पहिली पसंती एम १०१ (एम आणि एनजीसी ही आकाशातल्या वस्तूंच्या सूचींची नावं). क्रांती अधिक ५४.३, म्हणजे उंची ५२ अंश. मेच्या मध्यावर ती रात्री अकराच्या सुमारास याम्योत्तरावर असते. वसिष्ठ आणि मरीची या सप्तर्षींतल्या दोन ताऱ्यांना पाया धरून उत्तरेकडे त्रिकोण काढा, त्याच्या टोकाला ती सापडेल. अंतर सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षे. ती आपल्याला जवळपास समोरून दिसते, त्यामुळे भुजा उलगडलेल्या असतात. मरीचीपासून साडेतीन अंशांवरची एम ५१ सुमारे ६० अंश उंच येते आणि तिच्यातल्या धुळीच्या पट्ट्या शिकायला सर्वांत चांगल्या. दक्षिणेला एम ८३ आहे. युरोपातल्या बहुतेक हौशींना ती नीट मिळत नाही, आपल्याकडे मात्र ४३ अंश चढते. तिच्यात १९२३ ते १९८३ या काळात सहा सुपरनोव्हा नोंदले गेले. कन्या राशीतली एम ६१ तर ७८ अंशांवर येते आणि तिच्या खात्यावर १९२६ ते २०२० दरम्यान आठ सुपरनोव्हा आहेत.

पाऊस परतला की ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री आठच्या आसपास एनजीसी ६९४६ धरा. १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत तिच्यात दहा सुपरनोव्हा दिसले. मात्र ती आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ असल्याने तिच्यासमोर आपल्याकडच्या ताऱ्यांची गर्दी आहे. नवख्याने सुरुवात तिच्यापासून करू नये.

नोव्हेंबर ते जानेवारीत एम ३३ आणि एम ७४. एम ३३ मधला एनजीसी ६०४ हा तेजोमेघ सुमारे १५०० प्रकाशवर्षे रुंद आहे. अंधाऱ्या जागेवरून सहा इंची दुर्बिणीतून तो डोळ्यांनी, फोटोशिवाय, धुकट डागासारखा दिसतो. दीर्घिकेच्या केंद्रापासून ईशान्येला साधारण १२ कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) शोधा. दुसऱ्या दीर्घिकेत तारे जन्मताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे असतील तर सुरुवात इथून करा. हे दृश्य मी कितीही वेळा बघायला तयार असतो.

सावधान: एम ७४ कोल्हापुरात खस्वस्तिकापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, एका अंशाच्या आत येते. ऐकायला छान वाटतं, पण काम करताना अडचण होते. डॉब्सनी दुर्बीण (साध्या लाकडी बैठकीवर हाताने फिरवायची) अगदी डोक्यावर नेमकी वळवता येत नाही. अल्टाझिमथवर (वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बैठकीवर) चालणाऱ्या स्मार्ट दुर्बिणींत तिथे चित्र भराभर फिरतं आणि तारे कमानीसारखे ओढले जातात. इक्वेटोरियल माउंटवर नळी तिवईला घासू शकते. ती याम्योत्तरावर येण्याच्या दीड तास आधी किंवा दीड तास नंतर टिपा.

एका हंगामात दोनच दीर्घिका घ्या. दहा दीर्घिकांचे दहा अर्धवट फोटो कशालाच उपयोगी पडत नाहीत.

## टप्पा २: जागा आणि रात्र

इथे बहुतेक जण एक गोष्ट उलटी समजतात. दीर्घिकेची भुजा हा पसरलेला मंद उजेड आहे, शहराच्या प्रकाशात तो विरून जातो. सुपरनोव्हा मात्र बिंदू आहे आणि बिंदू टिकतो. राजारामपुरीतल्या गच्चीवरून एम १०१ च्या भुजा मिळणार नाहीत, पण तिच्यातला अकराव्या-बाराव्या प्रतीचा सुपरनोव्हा कॅमेऱ्याला मिळेल (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद). म्हणून कामाची विभागणी करा. संदर्भचित्र (पुढे तुलनेला लागणारा फोटो, टप्पा ४) आणि गुलाबी तेजोमेघ यांसाठी गावाबाहेर जा. रोजची दहा मिनिटांची पहारेदारी घरच्या गच्चीवरून चालते.

गावाबाहेर म्हणजे पन्हाळ्याच्या पलीकडचा मसाई पठाराचा भाग, गगनबावड्याकडचा पश्चिम पट्टा किंवा राधानगरी-दाजीपूरच्या वाटेवरची शेतं. पन्हाळ्यावरून कोल्हापूरचा उजेड आग्नेयेला राहतो, त्यामुळे एम ८३ उगवताना त्यात बुडालेली असते. ती दक्षिणेला येईपर्यंत थांबा. उत्तरेला वारणेच्या खोऱ्यातले दिवे आहेत, तरी एम १०१ पन्नास अंशांवर असते तेव्हा त्यांचा त्रास कमी होतो.

ऊस गाळपाच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, हवेत कारखान्यांचा आणि गुऱ्हाळांचा धूर असतो. फडातलं पाचट पेटवलं की तो आणखी वाढतो. त्यात पंचगंगेच्या खोऱ्यात पहाटे धुकं धरतं. या दिवसांत खोरं सोडून वर चढा आणि काम मध्यरात्रीच्या आत उरका. उन्हाळ्यात अडचण धुळीची. वळीव पडून गेल्यावरची पहिली निरभ्र रात्र सोडू नका. हवा धुतलेली असते आणि तीच धूसर भुजा दुप्पट स्पष्ट येते. मात्र दुपारनंतर पश्चिमेला ढग उभे राहू लागले तर पठारावर मुक्काम करू नका. मोकळ्या माळावर धातूची तिवई लावून बसलेल्या माणसाला विजेचा धोका खरा असतो.

सावधान: राधानगरी हे अभयारण्य आहे आणि गव्यांचा वावर त्याच्या हद्दीबाहेरही असतो. रात्री जंगलात शिरायचं नाही. ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात, त्यांना सांगून, वस्तीजवळ आणि किमान तिघांनी बसा.

निघण्याआधी तपासा: अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवसांची रात्र आहे का, बॅटरी भरलेली आहे का, लाल टॉर्च आणि दव घालवायला हीटरची पट्टी घेतली का. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर आहे का. हा शेवटचा मुद्दा हलका वाटतो, पण टप्पा ९ मध्ये सगळं त्याच्यावर येऊन थांबतं.

## टप्पा ३: ध्रुव साधणे

आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो. शहरात तो इमारतीआड जातो, खेड्यात झाडाआड किंवा धुरकट थरात. जागा निवडताना आधी उत्तरेचं क्षितिज मोकळं आहे का ते दिवसा बघून ठेवा. ध्रुव दिसत नसेल तर शार्पकॅपसारख्या सॉफ्टवेअरने कॅमेऱ्यातूनच ध्रुवबिंदू जुळवता येतो, पण त्यालाही उत्तरेचा थोडा तुकडा लागतोच. काही सॉफ्टवेअरमध्ये ध्रुव न बघता, आकाशाच्या दुसऱ्या भागातून तीन फोटो घेऊन जुळवणी करण्याची सोय असते. ती शिकून ठेवा.

तपासणी: दोन मिनिटांचे पाच फोटो घ्या आणि पूर्ण मोठे करून कोपऱ्यातले तारे बघा. ते गोल नसतील तर पुढे जाऊ नका. लांबट ताऱ्यांच्या फोटोत तेजोमेघ आणि तारा यांतला फरकच पुसला जातो, आणि आपलं सगळं काम त्या फरकावर उभं आहे.

## टप्पा ४: संदर्भचित्र. हा टप्पा कधीही गाळू नका

संदर्भचित्र म्हणजे तुमच्याच दुर्बिणीतून, तुमच्याच कॅमेऱ्याने, सुपरनोव्हा नसताना काढलेला दीर्घिकेचा फोटो. इंटरनेटवरचा सुंदर फोटो त्याची जागा घेऊ शकत नाही. त्याचा फिल्टर वेगळा, त्याची खोली वेगळी, रंग ताणण्याची (मंद भाग उजळ करण्याची) पद्धत वेगळी. लाल प्रकाशात घेतलेल्या चित्रात तेजोमेघ ठसठशीत दिसतात, निळ्यात तेच फिके पडतात. साध्या डीएसएलआरच्या आतला फिल्टर हायड्रोजन-अल्फाचा मोठा भाग अडवतो. मग एकाच्या फोटोत ठिपका आहे आणि दुसऱ्याच्या फोटोत नाही, एवढ्यावरून "नवा तारा" जाहीर होतो.

आयएसओ ८०० ते १६००, दोन मिनिटांचे ६० फोटो, एकूण दोन तास. दर काही फोटोंनंतर दुर्बीण किंचित सरकवा, म्हणजे कॅमेऱ्याचे तापलेले पिक्सेल एकाच जागी साचणार नाहीत. मेच्या रात्रीत सेन्सर गरम असतो, त्यामुळे झाकण लावून घेतलेले डार्क फोटो त्याच रात्री आणि त्याच तापमानाला घ्या. डिसेंबरातले डार्क मे महिन्यात वापरू नका. धुळीचे डाग काढण्यासाठी फ्लॅटही (सारख्या उजेडाच्या पृष्ठभागाचे फोटो) त्याच रात्रीचे हवेत, आणि ते होईपर्यंत कॅमेरा फिरवायचा नाही.

सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये सगळे फोटो एकत्र करा. शहराच्या उजेडाचा उतार पार्श्वभूमीतून काढा. मग चित्राच्या दोन प्रती ठेवा: एक न ताणलेली, मोजमापासाठी, आणि दुसरी बघण्यासाठी. उत्तर वर येईल असं चित्र फिरवा आणि प्लेट-सॉल्व्ह करा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला आकाशातला पत्ता मिळेल.

सर्वांत नेहमीची चूक: भुजा उठून दिसाव्यात म्हणून चित्र इतकं ताणायचं की केंद्र पांढरं फटक होतं. केंद्राजवळ फुटलेला सुपरनोव्हा त्या पांढऱ्या डागात कायमचा हरवतो. केंद्रासाठी तीस सेकंदांचे वीस फोटो वेगळे ठेवा.

तपासणी: तारासूचीशी ताडून तुमच्या चित्रातला सर्वांत मंद तारा कितव्या प्रतीचा आहे ते बघा. गावाबाहेरून दोन तासांत १७ च्या पुढे जायला हवं. १५ वर अडलात तर फोकस किंवा आकाश, दोन्हींपैकी काहीतरी बिघडलं आहे.

## टप्पा ५: भुजा वाचायला शिका

चित्र हातात आलं की लगेच नवा ठिपका शोधू नका. एक संध्याकाळ नुसती भुजा वाचण्यात घालवा. एम ५१ चं चित्र घ्या आणि एका भुजेला आडवी रेघ कल्पून आतल्या बाजूने बाहेर या. आधी काळी धुळीची पट्टी लागते. तिथे वायू दाबला गेला आहे, पण तारे अजून आडोशाला आहेत. त्यानंतर गुलाबी ठिपक्यांची माळ: तिथे तारे पेटले आहेत. त्याच्याही पुढे निळसर पट्टा, म्हणजे तेजोमेघ विझून किंवा उडून गेलेले, पण अजून तरुण असलेले तारकागुच्छ. हा क्रम म्हणजे कालरेषाच आहे. प्रत्येक ठिकाणी तो इतका स्वच्छ मिळणार नाही. भुजेला फाटे फुटलेले असतात, जुने-नवे मिसळलेले असतात. पण दोन-तीन जागी जरी दिसला तरी डोळा तयार होतो.

मग चित्राची छापील प्रत काढा. गृहपाठाच्या वहीत चिकटवली तरी चालेल. एम १०१ मध्ये मोठ्या तेजोमेघांना स्वतःचे क्रमांक आहेत: एनजीसी ५४४७, ५४५५, ५४६१, ५४६२, ५४७१. हे पाच स्वतः शोधून पेन्सिलीने लिहा. नंतर दीर्घिकेसमोर आलेले आकाशगंगेतले तारे वेगळ्या रंगाने खुणवा. तारे टोकदार बिंदू असतात, तेजोमेघ कडेला किंचित पसरलेले. सूचीतला तारा की दीर्घिकेचा भाग याचा निवाडा अलादिन या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाया उपग्रहाची सूची चढवून करता येतो. ज्या ठिपक्याला तिथे ठळक स्वगती (आकाशातली स्वतःची सरक) किंवा लंबन (पृथ्वीच्या फिरण्यामुळे दिसणारी सरक) आहे, तो आपल्या आकाशगंगेतला.

हे खुणा केलेलं चित्र म्हणजे तुमचा नकाशा. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी बहुतेक प्रश्नांचं उत्तर या एका कागदावर मिळतं.

## टप्पा ६: हायड्रोजन-अल्फाने खातरजमा

हा टप्पा सक्तीचा नाही, पण ज्याच्याकडे हायड्रोजन-अल्फा फिल्टर आणि कृष्णधवल कॅमेरा आहे त्याने जरूर करावा. शहरातूनही जमतो, कारण फिल्टर बहुतेक दिव्यांचा उजेड बाहेर ठेवतो.

फिल्टर घेताना होणारी चूक महाग पडते. दीर्घिका आपल्यापासून दूर जात असतात, त्यामुळे ६५६.३ ची रेघ सरकते. एम १०१ चा वेग सेकंदाला सुमारे २४० किलोमीटर, म्हणजे रेघ अर्धा नॅनोमीटर सरकते. कोणताही फिल्टर चालतो. एम ७४ चा वेग सुमारे ६६० किलोमीटर, सरक जवळपास १.४ नॅनोमीटर. ३ नॅनोमीटरच्या अरुंद फिल्टरची बरोबर कड (मध्यापासून दीड नॅनोमीटर) इथे लागते. एम ६१ तर सुमारे १५७० किलोमीटरने दूर जाते, सरक ३.४ नॅनोमीटर. तिच्यासाठी ३ नॅनोमीटरचा फिल्टर लावलात तर तेजोमेघ असूनही दिसणार नाहीत, आणि ७ नॅनोमीटरचाही काठावरच राहील. आकाशगंगेतल्या तेजोमेघांसाठी जो फिल्टर जितका अरुंद तितका बरा, तोच दीर्घिकांसाठी निरुपयोगी ठरू शकतो. मी दीर्घिकांसाठी ७ किंवा त्याहून रुंद फिल्टरच सुचवतो.

फिल्टरचे आणि साध्या लाल रंगाचे असे दोन फोटो घ्या. दोन्हींतले तारे सारखे तेजस्वी होतील एवढा लाल फोटो कमी करा आणि वजा करा. तारे नाहीसे होतात, तेजोमेघ उरतात. तुमचा संशयित ठिपका वजाबाकीनंतर ठसठशीत उरला आणि कडेला पसरलेला असेल, तर तो जन्माचा तेजोमेघ आहे. पूर्ण नाहीसा झाला तर तारा किंवा कोवळा सुपरनोव्हा. एक अपवाद सांगून ठेवतो: गाभा कोसळून झालेल्या सुपरनोव्हात काही आठवड्यांनी स्वतःचीच हायड्रोजनची रुंद रेघ ठळक होते, तेव्हा तोही थोडा उरतो. म्हणून एकट्या या चाचणीवर निकाल देऊ नका.

## टप्पा ७: नवा ठिपका दिसला. आता थांबा

१९ मे २०२३ हे उदाहरण समोर ठेवा. जपानमधल्या कोइची इतागाकी यांना त्या दिवशी एम १०१ मध्ये एसएन २०२३आयएक्सएफ सापडला. तो एनजीसी ५४६१ पासून जेमतेम अर्ध्या कलेवर होता, म्हणजे थेट गुलाबी ठिपक्याच्या शेजारी. आपल्याकडे वैशाख अमावास्या होती आणि दीर्घिका रात्री पावणेअकराला याम्योत्तरावर. ज्यांच्याकडे जुना नकाशा होता त्यांना पुढच्याच रात्री तो लगेच ओळखता आला. ज्यांच्याकडे नव्हता, त्यांच्यापैकी काहींनी एनजीसी ५४६१ लाच सुपरनोव्हा म्हणून वर्तुळ केलं आणि खऱ्या ठिपक्याला तारा समजून सोडून दिलं. अशी वर्तुळं मी तेव्हा बरीच पाहिली.

तपासणीचा क्रम असा.

१. ठिपका सुट्या फोटोंत आहे का? एकाच फोटोत असेल तर उपग्रहाची चमक किंवा वैश्विक किरण. सगळ्यांत कॅमेऱ्याच्या त्याच पिक्सेलवर असेल तर तापलेला पिक्सेल. ताऱ्यांबरोबर सरकत असेल तरच पुढे जा.

२. तुमच्या संदर्भचित्राशी आलटूनपालटून बघा. दोन्ही चित्रं एकाच मापात, एकाच दिशेत आणि सारखीच ताणलेली असावीत.

३. एका तासाने परत फोटो घ्या. लघुग्रह तासाभरात साधारण अर्धी कला सरकतो. एम ६१ आणि एम ७४ क्रांतिवृत्तापासून (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेपासून) फार दूर नाहीत, तिथे ही शंका प्रत्येक वेळी घ्यायचीच. एम १०१ क्रांतिवृत्तापासून खूप उत्तरेला असल्याने तिथे लघुग्रह क्वचित येतो, पण तासाभराचं थांबणं टाळू नका. ज्ञात लघुग्रहांची जागा मायनर प्लॅनेट सेंटरच्या तपासणी-पानावर बघता येते.

४. दुर्बीण थोडी हलवून किंवा कॅमेरा फिरवून पुन्हा टिपा. ठळक ताऱ्याचं काचेतलं प्रतिबिंब असेल तर जागा बदलेल.

५. ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर (नव्या सुपरनोव्हांची नोंद होते त्या संकेतस्थळावर) त्या जागेचे सहनिर्देशक घालून कोणी आधी कळवलं आहे का ते पाहा. बहुतेक वेळा कळवलेलं असतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. तुमची पद्धत बरोबर चालली याचा तो पुरावा आहे.

हे पाचही पूर्ण होईपर्यंत फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. मागे घेतलेली बातमी कोणी वाचत नाही, पुढे गेलेली मात्र फिरत राहते.

## टप्पा ८: प्रत मोजणे

आधी अपेक्षा काढा. १ए प्रकाराची कमाल निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावरून दिसली असती ती) सुमारे उणे १९.३, गाभा कोसळणाऱ्यांची साधारण उणे १७, तीही बरीच वरखाली. एम १०१ साठी अंतर-मापांक (अंतरामुळे प्रतीत पडणारी भर) सुमारे २९.१. बेरीज करा: पहिला १० व्या प्रतीपर्यंत, दुसरा १२ च्या आसपास. २०११ मध्ये याच दीर्घिकेत फुटलेला १ए प्रकारचा एसएन २०११एफई खरोखर दहाव्या प्रतीजवळ पोहोचला होता, आणि २०२३ चा त्याच्या जातीत ठळक असल्याने अकरापर्यंत आला. एम ६१ पाच कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. तिथे हेच आकडे १२ आणि १४ होतात. तुमच्या ठिपक्याची प्रत या अपेक्षेपासून फार लांब असेल, समजा एम १०१ मध्ये सातवी, तर तो सुपरनोव्हा नाही.

मोजताना न ताणलेलं चित्रच घ्या. रंगीत कॅमेऱ्याचा हिरवा भाग वापरा. त्याच चित्रातले, सूचीत प्रत दिलेले तीन तरी तारे तुलनेला घ्या, एकच घेऊ नका. ठिपक्याखाली भुजेचा उजेड असतो, तो संदर्भचित्रातून मोजून वजा करा. नाहीतर मंद होत चाललेला सुपरनोव्हा एका प्रतीवर अडकलेला दिसेल. तो थांबलेला नसतो, तुम्ही त्याच्याखालचा तेजोमेघ मोजत असता.

## टप्पा ९: कळवणे आणि पाठपुरावा

नवा शोध ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर कळवला जातो. २०१६ पासून हाच अधिकृत मार्ग आहे. विषुवांश (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान), क्रांती, प्रत, फिल्टर, वेळ आणि तुम्ही त्याआधी शेवटचं कधी पाहिलं तेव्हा तिथे काही नव्हतं, हे सगळं लागतं. शेवटची माहिती खगोलशास्त्रज्ञांना सर्वांत मोलाची, कारण स्फोटाचा दिवस तिच्यावरून ठरतो. गच्चीवरच्या कंटाळवाण्या, काहीच न सापडलेल्या फोटोंची किंमत तेव्हा कळते. ते पुसून टाकू नका.

वेळेची चूक: नोंद जागतिक वेळेत हवी. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा. आपली २० मेची रात्री एक वाजताची नोंद म्हणजे तिकडे १९ मे, १९ वाजून ३० मिनिटे. तारीखच बदलते.

कळवून झाल्यावर, किंवा दुसऱ्याने आधी कळवला असला तरी, मोजणी चालू ठेवा. १ए प्रकार साधारण अठरा दिवसांत शिखर गाठतो आणि पुढच्या पंधरा दिवसांत निळ्या रंगात एका प्रतीहून थोडा जास्त उतरतो. हायड्रोजन राखून असलेला जड तारा फुटला तर प्रत बऱ्याचदा शंभरेक दिवस पठारासारखी सपाट राहते, मग एकदम घसरते. त्यापुढचा उतार किरणोत्सारी कोबाल्ट-५६ च्या क्षयाने चालतो. त्याचं अर्धायुष्य ७७ दिवस, आणि प्रत शंभर दिवसांत जवळपास एकने उतरते.

आपल्याकडे नेमका जूनपासून पाऊस आडवा येतो आणि मेमध्ये सापडलेल्या सुपरनोव्हाचं पठार ढगांआड संपतं. पण काम तिथे सोडू नका. डिसेंबरच्या मध्यात पहाटे पाचला एम १०१ पुन्हा ईशान्येला तीस अंशांवर आलेली असते. तोपर्यंत तो कोबाल्टच्या उतारावर असेल. तीच दुर्बीण, तोच फिल्टर, तीच दोन मिनिटं ठेवून महिन्यातून एक मोजणी घ्या. तो तुमच्या मर्यादेखाली गेला की पुढच्या हंगामात नवं संदर्भचित्र काढा, आणि सुपरनोव्हा असलेली चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्यातलंच एखादं चुकून संदर्भ म्हणून उघडलं जाणार नाही.